नार्सिसचे साप

एप्रिल संपत आलाय. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं, विनिपेगच्या उत्तरेचं हे नार्सिस. झाडांना अजून पालवी नाही. पण या खड्ड्याचा तळ बघा, हलतोय.

हे गार्टर साप. पाठीवर पिवळसर पट्टे, कुशीला तांबडे ठिपके. आपल्या नानेटीच्या लांबच्या नात्यातले, आणि माणसाला तिच्याइतकेच निरुपद्रवी. इथल्या मोजक्या खड्ड्यांत ते हजारोंनी हिवाळा काढतात.

हिवाळा म्हणजे उणे ४० अंशांपर्यंत उतरणारा पारा. जगायचं तर जमीन गोठते त्याच्याही खाली जायला हवं, आणि सापाला खणता येत नाही. इथं ते काम पाण्यानं करून ठेवलंय. चुनखडी विरघळून खोलवर भेगा पडल्यात. त्यांच्यासाठी साप पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दलदलींतूनही येतात. १९९९ मध्ये कडक थंडीनं त्यांना गाठलं, तेव्हा हजारो साप मेले.

गंमत अशी, की त्याच दलदलीत ते ज्याला गिळतात तो रानबेडूक कुठंच जात नाही. पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं. यकृतातून सुटलेली साखर पेशींना जपते. ऊन आलं की बेडूक वितळतो आणि डबक्याकडे निघतो! शिकाऱ्याला हे जमलेलं नाही.

खड्ड्यातून आधी नर वर येतात आणि वाट बघत थांबतात. मादी दिसली की डझनावारी तिला वेढतात. वर आल्या आल्या काही नरांच्या अंगालाच मादीसारखा वास येतो, आणि बाकीचे त्यांच्यावरही तुटून पडतात. त्यात तोटा नाही. आखडलेल्या अंगाला ऊब मिळते, शिवाय कावळ्यांपासून आडोसा. इथले कावळे सापाचं यकृत तेवढं टोचून काढतात.

मादी मात्र थांबत नाही, दलदलीकडे निघते. अंडी घालण्यात अर्थ नाही, या गार मातीत ती उबणार कशी? पिल्लं पोटात घेऊन ती उन्हात पडून राहते आणि उन्हाळ्याच्या शेवटी जिवंत पिल्लांना जन्म देते.

आता हा रस्ता. महामार्ग क्रमांक १७, खड्डे आणि दलदलींच्या मधोमध. एके काळी दरवर्षी हजारो साप चाकांखाली जायचे. मग कडेनं कुंपण घातलं, रस्त्याखालून लहान बोगदे काढले. अडलेला साप कुंपणाच्या कडेकडेनं सरकत बोगद्याच्या तोंडाशी पोहोचतो. तरी काही वरूनच जातात. वसंतात आणि शरदात इथं गाडी हळू हाकायची, ती त्यांच्यासाठी.