बांधावर ठरलेला सौदा

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षाच्या हंगामात तासगाव, पलूस, मिरज भागात व्यापारी बागेत येतात, दोन-चार मणी तोंडात टाकून गोडी पाहतात, चार किलोच्या पेटीचा दर ठरवतात आणि थोडा विसार देऊन बाग धरतात. कागद होत नाही. पुढे माल जातो, पैसे थकतात आणि शेतकरी आमच्यासारख्या वकिलाकडे येऊन पहिले वाक्य बोलतो ते असे: ‘साहेब, लिहून काहीच घेतले नाही, आता काय चालणार?’ हे वाक्य मला फार अस्वस्थ करते, कारण या समजापायी कितीतरी माणसे न्यायालयाची पायरी चढण्याआधीच आपल्या हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

कायदा तसे म्हणत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १० नुसार सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तींनी, स्वखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर हेतूने केलेला करार बंधनकारक ठरतो. तो लेखीच हवा अशी सर्वसाधारण अट तेथे नाही. माल विक्री अधिनियम १९३० चे कलम ५ तर स्पष्टच सांगते, की विक्रीचा करार लेखी, तोंडी किंवा थोडा लेखी आणि थोडा तोंडी असू शकतो. वेलीवरचा घड जमिनीला जोडलेला असला, तरी तो तोडून द्यायचे ठरले की कायद्याच्या दृष्टीने तो ‘माल’ होतो. म्हणून बांधावरचा सौदा हा पुरता करार आहे.

जमिनीचे मात्र तसे नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकली जात नाही. जमीन विकण्याचे तोंडी ठरले असेल, तर तो करारही वैध असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. परंतु तो सिद्ध करण्याचा भार फार जड असतो आणि तोंडी ठरावावर ताबा घेतलेल्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ चे, म्हणजे तो ताबा टिकवण्याचे, संरक्षण मिळत नाही. भाड्याच्या घराचा करारही महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, ती म्हणजे पुरावा. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या एका बागायतदाराने पिशवीतून मुलाची शाळेची वही काढली. एका पानावर टेम्पोचा क्रमांक, पेट्यांची संख्या, वजन आणि प्रत्येक ओळीपुढे चालकाची वेडीवाकडी सही होती; वही पाण्याने फुगली होती, पण शाई टिकली होती. नुसत्या आपल्या वहीतील नोंदीवर दुसऱ्याच्या माथी देणे मारता येत नाही, हे खरे. मात्र त्या नोंदीला काट्याची पावती, विसाराची बँकेतील जमा आणि दर ठरताना हजर असलेल्या शेजाऱ्याची साक्ष यांची जोड मिळाली, की दिवाणी न्यायालय शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहते. फौजदारी खटल्याइतकी निःसंशय खात्री तेथे मागितली जात नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की सौदा ठरला त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला मोबाइलवर संदेश पाठवा: ‘आज अमुक दराने, इतक्या दिवसांत पैसे देण्याच्या बोलीवर बाग दिली.’ त्याचे नुसते ‘हो’ आले, तरी ते मोलाचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा संदेशाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून संदेश पुसू नका आणि मोबाइल बदलला तरी जुना जपून ठेवा.

मुदतीचे भान मात्र हवे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी माल दिल्यापासून, आणि उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, ३ वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. ‘पुढच्या हंगामात देतो’ हे तोंडी आश्वासन ती मुदत वाढवत नाही. व्यापाऱ्याने देणे मान्य असल्याचे मुदतीच्या आत लिहून त्याखाली सही केली, तर मात्र ती नव्याने सुरू होते. तो वहीवाला बागायतदार दोन हंगाम अशाच आश्वासनांवर थांबला होता. तो आला तेव्हा शेवटच्या टेम्पोच्या तारखेपासून ३ वर्षे पूर्ण व्हायला अवघे ११ दिवस उरले होते, आणि त्याचा दावा आम्ही नवव्या दिवशी दाखल केला.