बोल्ट ताणताना

(दृश्य: पठार, पवनचक्क्यांची रांग)

सातारा सोडून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर मागे टाकलं, की गाडी चाळकेवाडीच्या पठारावर येते. आधी वारा अंगावर येतो, मग पाती दिसतात. पावसाळ्यात हा वारा चेकाळतो, म्हणून बुंध्याची मोठी कामं मे महिन्यातच उरकायची.

पाती सगळेच बघतात. आपण बुंध्याशी बसू.

(दृश्य: फ्लँज, बोल्टांचं कडं)

बुंध्याच्या तळाची ही रुंद पोलादी कडा म्हणजे फ्लँज. तिच्यातून हे बोल्ट खाली काँक्रीटमध्ये अडीच मीटर गेले आहेत. व्यास 36 मिलिमीटर. फिटर नुसतं ‘छत्तीसचा’ म्हणतात. ग्रेड 10.9. म्हणजे चौरस मिलिमीटरला 1,000 न्यूटनपर्यंत न तुटणारं पोलाद, आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताण सुटला की मूळ लांबीवर परतणारं.

मोठ्या पान्याने नट आवळला, तर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला मिळतो. बाकीचा आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो. आटे कोरडे आहेत की ग्रीस लावलेले, एवढ्यानेही हिशेब फिरतो. म्हणून इथे टेन्शनर वापरतात, तेलाच्या दाबावर चालणारं ओढयंत्र. तो बोल्टला वरून धरून सरळ ओढतो. बोल्ट लांबला की नट खाली बसवायचा आणि दाब सोडायचा. बोल्ट आखडू पाहतो, नट त्याला आखडू देत नाही. पकड तयार होते ती इथे.

(दृश्य: टेबलावर सुटे भाग)

साइटवर निघण्याआधी टेन्शनर खोलला आहे. हा ब्रिज, नटाभोवती उभा राहणारा. त्याची खिडकी लक्षात ठेवा. हे नट फिरवायचं सॉकेट. हा सिलिंडर, हा पिस्टन. आणि आतून आटे पाडलेला, बोल्टच्या टोकावर चढून त्याला ओढणारा हा पुलर.

बोटात धरलंय ते सील. बांगडीएवढं, पण सगळी मदार त्याच्यावर. त्याचा ओठ तेलाच्या बाजूलाच हवा, पाठीची आधार-रिंग उलट बाजूला. उलटं बसलं तर दाब धरत नाही. तेल लावून, चहूकडून सारखं दाबत पिस्टन आत न्यायचा. जरा तिरका गेला की ओठ कापला जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून हे दादा घाई करत नाहीत. आम्हीही हा शॉट कापलेला नाही.

(दृश्य: बोल्टवर जोडणी)

तारेच्या ब्रशने आटे साफ. नटावर किमान 36 मिलिमीटर आटे मोकळे हवेत, निदान व्यासाइतके. नाहीतर पुलरला धरायला जागाच नाही. सॉकेट, ब्रिज, सिलिंडर, वरून पुलर, हाताने टेकेपर्यंत. मग पंपाकडून तेल आणणारी नळी, होज. तिचा जोड, कपलिंग, पूर्ण बसलाय का, ओढून बघायचं.

बोल्टमध्ये ताण हवा 510 किलोन्यूटन, जवळजवळ 52 टन. या पिस्टनचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की तेलाचा दाब येतो 1,020 बार. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. नटावर भार येताना थोडा ताण सुटतो, तेवढी भर घालायची. बोल्ट लांब असला की ही भर कमी लागते.

(दृश्य: गेज, मग पुलरचा क्लोजअप)

पंप सुरू. बोल्टच्या रेषेत कुणी उभं राहत नाही, वाकून बघतही नाही. गेजचा काटा चढतोय, आणि पोलाद लांबतंय. पूर्ण ताणाला सुमारे साडेसात मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. नट फ्लँजवरून उचलला गेलाय. आता ब्रिजच्या खिडकीतून टॉमी बार, सॉकेटच्या खाचेत घालून नट फिरवायची सळई. एक खाच, दुसरी खाच, नट टेकला. दाब शून्यावर.

समोरासमोरचे बोल्ट एकदम घेतात, म्हणजे फ्लँज सारखा बसतो. शेजारचा ताणला की आधीचा किंचित सैलावतो, म्हणून पुन्हा एक फेरी. ताण कमी राहिला तर पात्यांचा प्रत्येक हेलकावा बोल्टवर येतो, तो थकतो आणि एक दिवस तुटतो.

(दृश्य: पांढरा मार्कर)

नटावरून फ्लँजवर एक सरळ रेघ. पुढच्या खेपेला रेघ जुळतेय का, हेच आधी बघतील. पुलर सुटला, आट्यांना ग्रीस, टोपी बसली.

पंप उचलून दोघे जण पुढच्या जोडीकडे निघालेत.