आमचा, तुमचा, आपला

मंडळी, नमस्कार. बोलायला उभा राहिलोय खरा, पण गेल्या रविवारपासून डोक्यात एकच वाक्य घोळतंय. ते आधी सांगतो.

आमची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत सांगितलं होतं, पोलंडमधल्या या आपल्या क्राकूव शहरातला एक कलावंत निवडा आणि त्याच्यावर तक्ता करा. तिने स्तानिस्वाव विस्प्यान्स्की निवडला. जेवणाच्या टेबलावर रंग पसरून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हा आमचा विस्प्यान्स्की. बाबा, तुमच्या कोल्हापूरचा कोण?"

'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मुलांना कळावा म्हणून रविवारच्या मराठी वर्गात आपण किती घसा कोरडा करतो! पोलिशमध्ये दोन्हींना एकच शब्द. हिला मात्र तो फरक पक्का कळलाय. 'आमचा' म्हटलं की समोरचा त्यात नसतो. मी त्यात नव्हतो. हिच्या आईने लगेच दटावलं, "आमचा काय, आपला म्हण." त्यावरून रात्री आम्हा दोघांचं चांगलंच वाजलं. मी म्हणत होतो, पोरगी चुकली कुठे?

आणि खरंच, चुकली नव्हतीच. हा माणूस १८६९ साली याच शहरात जन्मला, १९०७ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. चित्रं, नाटकं, रंगीत काचा, सगळ्यात त्याचा हात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये दुपार कलल्यावर जा. दारावरच्या खिडकीत हात उगारलेला परमेश्वर आहे, 'होऊ दे' म्हणणारा. ऊन त्यातून आत येतं. आणि भिंतींवर विस्प्यान्स्कीने रंगवलीत ती इथल्या कुरणांतली साधी रानफुलं. हिच्या शाळेची सहल तिथे गेली होती. मी या शहरात अकरा वर्षं राहतोय, मी गेलो तो परवा, तिच्या मागोमाग.

तक्त्यावर तिने काढली होती ती कोश्चुश्कोची टेकडी, पोलिश स्वातंत्र्यवीराच्या नावाने रचलेली. आजारपणामुळे विस्प्यान्स्कीचं बाहेर पडणं कमी झालं, तेव्हा १९०४-०५ च्या हिवाळ्यात त्याने कामाच्या खोलीच्या खिडकीतून तीच टेकडी पुन्हा पुन्हा काढली. तेच रूळ, तीच निष्पर्ण झाडं, फक्त उजेड वेगळा. माझ्या पोरीने बर्फासाठी पांढरा रंग वापरलाच नव्हता, जांभळा वापरला होता. "बर्फ जांभळंच दिसतं, बघा ना बाबा." मी खिडकीतून बघितलं. होतं जांभळं.

मग तिच्या प्रश्नाकडे वळलो. कोल्हापूरचा कोण? चित्रकार आबालाल रहिमान, म्हटलं. कोटीतीर्थाची गोष्ट सांगितली. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं तळ्यात बुडवली असं सांगतात, ती. बाबूराव पेंटरांचं नाव घेतलं. तिने विचारलं, "तुम्ही बघितलीत त्यांची चित्रं?" मंडळी, राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. मी शाळेत असताना रोज सायकलने त्या बाजूने जायचो. एकदाही आत पाऊल टाकलं नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जण आपापल्या गावच्या अशा जागी गेलेत, मनातल्या मनात मोजा. दर गणपतीला लेझीम, दर दिवाळीला किल्ला, हे सगळं आपण मुलांना देतो, मनापासून देतो. पण चित्राबद्दल पोरांनी विचारलं की आपल्याकडे सांगायला फक्त नाव उरतं.

या शनिवारी तिला मारियात्स्की चर्चमध्ये घेऊन गेलो. शिल्पकार वीट स्त्वोशची वेदी बघायला. न्यूर्नबर्गचं नागरिकत्व सोडून तो १४७७ साली इथे आला आणि १४८९ पर्यंत इथल्या लिंडन नावाच्या झाडाच्या लाकडात ही वेदी कोरत राहिला. प्राण सोडणाऱ्या मेरीभोवती उभ्या असलेल्या येशूच्या शिष्यांचे हात बघा. फुगलेल्या शिरा, सांध्यांवरच्या सुरकुत्या, कष्टकऱ्याचे हात. वेदी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी न्यूर्नबर्गला नेली, १९४६ मध्ये परत आली. जर्मन स्त्वोशला फाइट श्टोस म्हणतात. जर्मन आणि पोलिश, दोघेही म्हणतात, आमचा.

तिला सांगितलं, एकोणीस वर्षांनी, १४९६ साली, तो न्यूर्नबर्गला परत गेला. त्याचा मुलगा स्तानिस्वाव मात्र नंतरही क्राकूवमध्ये कोरीव काम करत राहिला.

ती बराच वेळ त्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "वडील परत जाताना त्याला विचारलं होतं का, तू येतोस का म्हणून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माझी आजी सांगायची, युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतली पोलिश पोरं कोल्हापूरच्या बाजारात यायची. हजारोंनी होती ती तिथे, १९४३ पासून. म्हातारी झाल्यावरही त्यांतले काही जण कोल्हापूरला येऊन गेले. ते वळिवड्याला काय म्हणत असतील, आमचं की तुमचं?

जुलैत आम्ही कोल्हापूरला जातोय. तिने चित्रांची वही आत्ताच पिशवीत टाकलीय. पहिल्या दिवशी मांडऱ्यांकडे जायचं ठरवलंय, दोघांनाही पहिल्यांदाच. ती तिथून बाहेर पडताना कोणता शब्द वापरेल, याची मला भीती वाटते.