हात आईचे, वेणी कुणाची?

पालक मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'बारा ते अठरा : दिव्यांग मुलांचा निर्णयाचा अभ्यास'. तिकडे येतेच. आधी केसांबद्दल बोलू द्या, हा विषय कित्येक वर्षं माझ्या डोक्यात आहे. (हशा) केसही आहेत अजून थोडे.

थेरपीला येणाऱ्या मुलींकडे एकदा नीट बघा. बऱ्याच जणींचा बॉबकट असतो. हौसेनं नव्हे, विंचरायला सोपा म्हणून. कपडे मळखाऊ रंगाचे, पॅन्ट इलॅस्टिकची. यातलं काहीच वाईट नाही, प्रत्येकाला कारण आहे. फक्त ते कारण मदत करणाऱ्याच्या सोयीचं असतं. त्या मुलीला कुणी विचारलेलं नसतं. तसं आपण सोलापूरकर पाहुण्यालाही कुठे विचारतो? दुसरी भाकरी ताटात पडते, वर शेंगाचटणी पडते, आणि मग म्हणतो, "घ्या की, लाजू नका." (हशा) पण पाहुणा संध्याकाळी घरी जातो. हे मूल घरीच असतं.

एक मुलगी होती, नाव सांगत नाही. चौदा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर पुरता ताबा नाही. दोन्ही हातांत ताठरपणा, बोलणं अडखळत, आणि डोकं असं तल्लख की माझ्या चुका तीच काढायची. आई घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवायची. आपल्याकडे किती घरं त्यावर चालतात, तुम्हाला माहीत आहे. मी मुलीला विचारलं, यंदा काय शिकायचं? मला वाटलं चमचा म्हणेल, पेन म्हणेल. ती म्हणाली, "केस वाढवायचेत. गड्ड्याला वेणी घालून जायचंय." गड्डा म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा.

आजी लगेच, "हिला कशाला पायजे ओ केस? बसूनच तर असती." आई आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, वेणी मीच घालायची ना? दिवसभर मशीनवर बसून माझा खांदा वर होत नाही."

आता इथे जरा थांबते. आमच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, 'मुलांना निवड करू द्या.' ते खरंच आहे. पण या मुलीची निवड आईच्या खांद्यातून जाते, आणि तो खांदा खरोखर दुखतो. चालत्याबोलत्या मुलीनं केस वाढवले तर ती आणि तिचा कंगवा बघून घेतील. हिला मात्र केस वाढवायचे तर वाटाघाटी कराव्या लागतात. म्हणून मी म्हटलं, मी मध्ये पडणार नाही, दोघी बसून ठरवा.

बरेच दिवस चाललं ते. शेवटी मुलीनंच तोडगा आणला. केस फक्त रविवारी धुवायचे. वेणी रात्री झोपताना घालायची, म्हणजे सकाळची घाई नको. आठवड्यातले दोन दिवस चुलत बहीण घालेल, तिच्याशी बोलणं झालंय. आईनं एकच अट घातली, उवा झाल्या तर कात्री. मग आम्ही थेरपीत काय केलं? वेणी कशी घालून घ्यायची ते. "मान दाबू नकोस. डावीकडे घट्ट. थांब, दुखतंय." हे नेमक्या शब्दांत, न रडता, न चिडता सांगायला शिकावं लागतं. चमचा धरायला शिकवतो तसंच हेही शिकवता येतं.

गड्ड्याला वेणी घालून गेली. पुढे उवा झाल्या. (हशा) झाल्याच! आजीला कोण आनंद. कात्री आली तेव्हा मुलगी म्हणाली, खांद्यापर्यंतच कापायचे, बॉबकट नाही. आणि तेवढेच कापले.

माझं म्हणणं एवढंच आहे. करणं वेगळं, ठरवणं वेगळं. ज्याला शर्टाचं बटण लागत नाही, त्याला कोणता शर्ट, केव्हा, कुणाच्या हातून, हे सांगता येतं. आपण बटणावर दहा वर्षं घालवतो आणि ठरवण्याचा सराव अठराव्या वाढदिवसावर ढकलतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बरं, मूळ विषय भराभर सांगते.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली तक्रार मुलानं सांगायची, आईनं नंतर भर घालायची. अठराच्या आत ऑपरेशनच्या कागदावर सही तुमचीच असते, पण टाके किती दिवस, प्लास्टर कुठपर्यंत, शाळा किती बुडेल, हे त्याच्यासमोर विचारा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागत असेल तर वेळापत्रक त्याच्या ताब्यात द्या. परीक्षेत उत्तरं लिहून देणारा लेखनिक लागणार असेल तर त्याच्याबरोबर आधी सराव करून ठीक वाटतं का, ते परीक्षा देणाऱ्यानंच सांगायचं.

पैसे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं 2014 पासून बँकांना मुभा दिली आहे. मर्यादा बँकेत विचारा. थोडे पैसे वाया जातील, जाऊ द्या.

कायदा. दिव्यांग हक्क अधिनियम 2016, कलम 4 : आपल्याशी संबंधित सगळ्या बाबतींत मत मांडण्याचा दिव्यांग मुलांना समान हक्क, आणि वयानुसार त्यासाठी आधार. कलम 13 : आधार देणाऱ्यानं गैरवाजवी दबाव आणू नये. म्हणजे आपणच, मंडळी. आणि केवळ शरीरानं अपंग आहे म्हणून अठरानंतर मुलाचं पालकत्व तुमच्याकडे आपोआप राहत नाही. सह्या त्याच्या. कुणी पालकत्वाचे कागद करून ठेवा म्हणालं, तर गरज नक्की काय, ते आधी विचारा.

कुठले निर्णय मुलावर सोडायचे नाहीत, तेही सांगायचं होतं. गोळ्या बंद करणं, बसून फोड येईपर्यंत जागा न बदलणं, इथे तुम्ही ठाम राहा, पण कारण सांगा. उरलेलं पुन्हा कधी.

आता प्रश्न. व्हीलचेअर रांगेत मावत नाहीत म्हणून मुलं मागे दाराशी बसवली आहेत, तर माईक आधी तिकडे न्या. पालकांनी माईक धरायला हरकत नाही. वाक्य मात्र मुलांचं मुलांना पूर्ण करू द्या, कितीही वेळ लागला तरी.