खालचं ऊन उशिरा चढतं

[दृश्य : शेजारी शेजारी दोन वाफे. दुपारचे दोन.]

माती एकच, नांगरट एकाच दिवशीची, ऊनही तेच. फक्त डावीकडच्या वाफ्यात वर्षानुवर्षं शेणखत आणि कंपोस्ट मिसळलं जातंय, उजवीकडच्यात नाही. दोन्ही वरून कोरडे ठाक.

हात टेकवून बघा. डावीकडची काळपट माती जास्त चटका देते.

खत घातलं की जमीन थंड राहते, असं आपण ऐकत आलोय. मग हा चटका कुठून आला? काळा रंग ऊन जास्त शोषतो, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मिळवायला चार बोटं खाली जावं लागतं. तिथे मात्र डावीकडची माती जास्त गार लागते. वरची उष्णता खाली उतरलेलीच नाही, वरच अडकून पडली आहे.

[दृश्य : भिंगाखाली ढेकूळ, हळूच दोन बोटांत फुटतं.]

वाळूतलं क्वार्ट्‌झ उष्णता झपाट्यानं वाहून नेतं. कुजलेला सेंद्रिय पदार्थ त्यापेक्षा सुमारे ३० पट संथ. पण तो शेतात असतो किती? बहुतेक जमिनींत वजनानं शंभरात दोन-चार भाग. एवढ्यानं काय होणार?

होतं ते या ढेकळात दिसतं. खनिज कण पाण्याच्या २.६५ पट जड, सेंद्रिय पदार्थ खनिज कणांच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून वजनाच्या मानानं तो जागा दुप्पट व्यापतो. शिवाय तो कणांना चिकटवून त्यांचे रवे बनवतो, आणि रव्यांमध्ये पोकळी राहते. कोरड्या मातीत उष्णता कणाकडून कणाकडे जाते, जिथे ते टेकलेत तेवढ्याच टोकांतून. माती भुसभुशीत झाली की ही टोकं कमी होतात. मधे उरते हवा, आणि उष्णता न्यायच्या कामात हवेइतका आळशी घटक मातीत दुसरा नाही.

[दृश्य : झारीनं पाणी.]

पाणी आलं की हिशेब फिरतो. कणांच्या टेकणीपाशी पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि उष्णता धावायला लागते. खतवाल्या मातीत मात्र पहिलं पाणी रवेच पिऊन टाकतात, पूल बांधायला उशीर होतो. आणि एकदा ती भिजली की तापायलाही वेळ घेते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या खनिजापेक्षा पाण्याला तापायला दुप्पट उष्णता लागते. उन्हाळ्यात मुळांना हे सोयीचं. थंडी सरताना पेरणीची घाई असेल, तर तीच ओली, गार जमीन उगवण लांबवते.

रात्रीचा धोका फारसं कुणी सांगत नाही. पृष्ठभाग आभाळाकडे उष्णता सोडत असतो आणि खालून रसद यावी लागते. वरचा थर कोरडा आणि भुसभुशीत असला, तर ती रसद अडते. पीटसारख्या (म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या) सेंद्रिय जमिनींवर दहिवर गोठायचा धोका जास्त, तो यामुळेच. वर पसरलेलं पेंढ्याचं आच्छादन ही वेगळी गोष्ट : ते फिकट असतं, ऊन परतवतं आणि मातीत मिसळलेलं नसतं. दोन्हींना एकाच मापानं मोजू नये.

[दृश्य : दोन्ही वाफ्यांत १२ सेंटिमीटर खोल तापमापक.]

दिवसाच्या उन्हाची लाट जमिनीत उतरताना मंदावते. साधारण ओलसर खनिज मातीत १२ सेंटिमीटरवर पृष्ठभागाच्या चढउताराचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो आणि लाट पोहोचते जवळपास चार तास उशिरा. कोरड्या पीटमध्ये ती ५ सेंटिमीटरवरच एवढी थकते. आपला डावीकडचा वाफा या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

[दृश्य : सावल्या लांबलेल्या. घड्याळात सहा.]

वरची माती चार तासांपासून निवतेय. उजवीकडचा काटा आत्ता थांबला.

डावीकडचा अजून चढतोय.