पुतळा नको, नावांची भिंत करा

नमस्कार मंडळी. लंडनला पार्लमेंट स्क्वेअर म्हणून चौक आहे, तिथं चर्चिल, मंडेला, आपले गांधीजी सगळे उभे आहेत, पण बाईचा पुतळा बसायला २०१८ साल उजाडलं. मिलिसंट फॉसेट, बायकांना मत मिळावं म्हणून उभं आयुष्य झगडलेली बाई. तिनं दोन्ही हातांनी बॅनर धरलाय, आपण धुतलेला टॉवेल झटकून वाळत घालतो ना अगदी तसा. पण मला खरा आवडतो तो खालचा चौथरा, कारण त्यावर या लढ्यातल्या ५९ जणांची नावं आहेत, चेहऱ्यांसकट.

आता म्हणाल, याचं पुण्यात काय? अहो, आपल्याकडे मुंबई इलाख्यात मताची मागणी लावून धरणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या, पुण्यात बायकांना शिकवणाऱ्या सेवासदन संस्थेच्या. १९२१ साली इलाख्यात बायकांना मत मिळालं, तेही मालमत्ता असणाऱ्यांना, म्हणजे मूठभर. सरसकट मिळालं ते राज्यघटनेनं. आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी काय झालं माहितीये, मतदारयाद्या करायला माणसं घरोघर गेली तर कितीतरी बायका स्वतःचं नावच सांगेनात, अमक्याची बायको, तमक्याची आई, बास! निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले हे चालणार नाही, आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून बाहेर. कडक वाटतं, पण मला सेन यांचंच पटतं.

हे जास्त करून उत्तरेकडचं, बिहार-राजस्थानचं, म्हणून हसू नका हां. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायचेच की. खुद्द रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर.

म्हणून म्हणते, पुण्यात बायकांच्या मताच्या लढ्याची आठवण करायची तर पुतळा नको. पुतळा म्हटलं की कमिटी आली, निधी आला, जागेचा वाद आला, मग जयंतीला हार आणि वर्षभर कबुतरं. त्यापेक्षा लक्ष्मी रोडला सेवासदनच्या आसपास एखादी भिंत मिळते का बघा, आणि त्यावर चित्रबित्र काही नको, फक्त नावं, आज्यांची, पणज्यांची, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, जाता-येता बसमधून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात. पहिली ओळ यमुना कुर्लेकर. पणजीचं माहेरचं नाव घरात कुणाला आठवत नसेल तर एखादी म्हातारी आत्या असतेच, तिला आजच फोन लावा. आणि भिंत झाली की क्लासेसची पत्रकं चिकटवणारे येणारच, त्यांच्यासाठी पाटी आधीच लिहून ठेवा, ते काम काय पुणेकरांना शिकवायला नको.