एकाच रिस्पॉन्समध्ये फाइलही आणि डेटाही

नमस्कार. समजा, सर्व्हरने एक पीडीएफ अहवाल तयार केला आहे आणि त्याच्यासोबत पानसंख्या, तयार झाल्याची वेळ असा थोडा डेटाही ब्राउझरकडे पाठवायचा आहे. अडचण अशी, की एचटीटीपी रिस्पॉन्सची, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची, बॉडी (मुख्य आशय) एकच असते आणि तिचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हेडरही (बॉडीच्या आधी जाणारी माहितीची ओळ) एकच असतो.

पहिल्यांदा सुचते ते फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदलून जेसन या डेटाच्या मजकुरी स्वरूपातच घालणे. बेस-६४ दर ३ बाइटसाठी ४ अक्षरे वापरते, त्यामुळे ३० एमबीची फाइल ४० एमबीची होते. शिवाय नेहमीचा पार्सर (मजकूर उलगडणारा कोड) संपूर्ण जेसन हाती आल्याशिवाय काहीच देत नाही, म्हणून तेवढा सगळा मजकूर मेमरीत धरून ठेवावा लागतो. लहानशा चित्रापुरते हे ठीक आहे.

याउलट बॉडीत फाइल ठेवून डेटा हेडरमधून पाठवता येतो. मात्र हेडरमध्ये देवनागरी थेट लिहिणे सुरक्षित नसते. त्यासाठी टक्केचिन्हांचे एन्कोडिंग वापरले, तर नुसता ‘क’ ९ अक्षरांचा होतो. रिस्पॉन्स दुसऱ्या डोमेनवरून येत असेल, तर सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये नाव दिल्याशिवाय तुमचा स्वतःचा हेडर जावास्क्रिप्टला दिसतही नाही.

दोन्ही गोष्टी खरोखर एकाच बॉडीत पाठवायच्या, तर मल्टिपार्ट हा अनेक भागांच्या बॉडीचा प्रकार आहे. सर्व्हर एक सीमाखूण ठरवतो आणि प्रत्येक भागाच्या आधी दोन डॅश व ती खूण लिहितो. प्रत्येक भागाला स्वतःचा कंटेंट-टाइप मिळतो, आणि शेवटच्या खुणेनंतर पुन्हा दोन डॅश आले की बॉडी संपली, असे समजते. फाइल मूळ बाइटमध्येच जाते, हा याचा मोठा फायदा. पण प्रकार मल्टिपार्ट फॉर्म-डेटा असेल तरच ब्राउझरमधल्या फेच या सोयीची फॉर्मडेटा ही मेथड तो उलगडते. मल्टिपार्ट मिक्स्ड असेल तर पार्सर तुम्हालाच आणावा लागतो.

म्हणूनच, दोन्ही एकाच क्षणी पोहोचण्याची सक्ती नसेल, तर जेसनमध्ये डेटा आणि फाइलची लिंक द्यावी, असे माझे ठाम मत आहे. एक रिक्वेस्ट वाढते, हे खरे. पण फाइल वेगळी कॅश होते (पुन्हा वापरण्यासाठी साठवली जाते), आणि सर्व्हर रेंज रिक्वेस्ट (फाइलचा ठरावीक भागच मागणारी रिक्वेस्ट) स्वीकारत असेल तर तुटलेले डाउनलोड होते तिथून पुढे सुरू करता येते. फाइल खासगी असेल, तर लिंक सर्व्हरने डिजिटल सही केलेली आणि थोड्या मुदतीची असावी. फक्त डाउनलोड पुन्हा सुरू करताना ती मुदत संपलेली असू शकते, तेव्हा नवी लिंक मागण्याची सोय क्लायंटमध्ये आधीच करून ठेवा.